हार्डबूट स्नोबोर्ड : पहिल्या हिवाळ्याची तयारी

हिवाळी ऑलिंपिकमधील समांतर जायंट स्लॅलम ही शर्यत दूरचित्रवाणीवर पाहणारा पहिल्यांदा थोडा गोंधळतो. स्पर्धकाच्या पायांखाली एकच फळी असते, म्हणजे खेळ स्नोबोर्डचा. परंतु पायांत स्कीच्या बुटांसारखे प्लास्टिकचे कडक बूट असतात, दोन्ही पावले पुढच्या दिशेला वळलेली असतात आणि फळी इतकी अरुंद की तिच्यावर बूट मावतात तरी कसे, असा प्रश्न पडावा. हवेतल्या कोलांट्या नाहीत, अर्धनळीच्या उंच भिंती नाहीत. लाल आणि निळ्या फाटकांना वळसे घालीत दोन स्पर्धक शेजारीशेजारी उतरतात आणि त्यांच्यामागे हिमावर पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक रेघ उरते. या प्रकाराला अल्पाइन स्नोबोर्डिंग म्हणतात. तो खेळणारे मात्र त्याला बुटांच्या नावानेच ओळखतात : हार्डबूट.

ती बारीक रेघ हेच या खेळाचे सार. सर्वसाधारण स्नोबोर्डचालक वळताना फळी आडवी करून हिमावर घासत नेतो. वेग त्या घासण्यात जिरतो आणि मागे हातभर रुंद पट्टा उमटतो. हार्डबूट चालवणारा फळी घासत नाही. तो तिला एका कडेवर कलती करतो आणि कडेच्या बाकाला वळू देतो. फळीचे नाक ज्या खाचेतून जाते त्याच खाचेतून शेपूटही जाते. याला कोरलेले वळण म्हणावे. ते मऊ बुटांवरही साधते, परंतु कडक हिमावर, वेगात आणि शरीर जमिनीलगत झुकवून साधायचे तर कडक बुटांना तोड नाही.

शिकू पाहणाऱ्याची अडचण उताराच्या बऱ्याच आधी सुरू होते. बहुतेक स्की-केंद्रांवर भाड्याने मिळतात ते मऊ बूट आणि रुंद फळ्या. हार्डबूट शिकवणारे प्रशिक्षक मोजके, साहित्याची दुकाने त्याहून मोजकी. परिणामी नवशिका जुन्या बाजारातून हाती लागेल ते साहित्य घेतो : दोन नंबर मोठे बूट, शर्यतीसाठी बनवलेली लांबलचक ताठ फळी, कुठल्याशा छायाचित्रावरून ठरवलेले पावलांचे कोन. दोन दिवसांत नडग्या सोलवटतात, फळी वळत नाही, आणि ‘हे आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष निघतो. पहिल्या हिवाळ्यात हा खेळ सुटतो तो भीतीमुळे क्वचितच. चुकीच्या साहित्यामुळे मात्र हमखास. म्हणून आधी बूट, मग कोन, मग फळी आणि शेवटी उतार हा क्रम पाळणे हिताचे.

थोडा पूर्वेतिहास

स्नोबोर्डचा पूर्वज ‘स्नर्फर’. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मस्कीगन येथे शर्मन पॉपन यांनी १९६५ मध्ये मुलींच्या खेळासाठी दोन स्की एकमेकींना जोडून तो तयार केला. सत्तरच्या दशकात जेक बर्टन कार्पेंटर, टॉम सिम्स आदींनी त्या खेळण्याला रीतसर क्रीडासाहित्याचे रूप दिले. अमेरिकेत या खेळाचे नाते लाटांवरच्या सर्फिंगशी आणि रस्त्यावरच्या स्केटबोर्डशी जुळले, म्हणून तिथे मऊ बूट रुळले. युरोपात, विशेषतः आल्प्सच्या परिसरात, नवा खेळ स्कीच्या घरात जन्मला. तिथल्या लोकांना प्लास्टिकच्या बुटांची, यंत्राने सपाट केलेल्या उतारांची आणि फाटकांच्या शर्यतींची सवय होती. त्यांनी फळीलाही तीच शिस्त लावली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या आरंभी युरोपीय उतारांवर हार्डबूट ही नित्याची गोष्ट होती.

१९९८ मध्ये जपानमधील नागानो येथे स्नोबोर्डला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तेव्हा दोनच प्रकार होते, जायंट स्लॅलम आणि हाफपाइप. जायंट स्लॅलमचे पहिले सुवर्णपदक कॅनडाच्या रॉस रेबग्लियाटीने जिंकले, गांजाचा अंश सापडल्याने ते काढून घेतले गेले आणि अपिलानंतर परत मिळाले. खेळाच्या पदार्पणाला एवढा गाजावाजा पुरेसा झाला. २००२ पासून दोघांनी शेजारीशेजारी उतरण्याची समांतर पद्धत आली. समांतर स्लॅलम हा आखूड वळणांचा प्रकार केवळ २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये खेळवला गेला आणि पुढे वगळला गेला. त्यानंतर २०१८ आणि २०२२ मध्ये समांतर जायंट स्लॅलम तेवढा उरला. २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्तेर लेदेत्स्काने त्यात सुवर्ण मिळवले आणि त्याच ऑलिंपिकमध्ये स्कीच्या सुपर-जी शर्यतीतही सुवर्ण पटकावले. एका फळीवरची आणि दोन पट्ट्यांवरची विद्या मुळात किती जवळची आहे, याचा याहून ठळक दाखला नाही.

बाजार मात्र दरम्यान उलट्या दिशेने गेला. नव्वदच्या मध्यानंतर तरुणांचा ओढा उड्या आणि कसरतींकडे वळला, मोठ्या कंपन्यांनी अल्पाइन साहित्यातून हात काढून घेतला. ज्यांनी एके काळी हा प्रकार घरोघरी नेला त्या बर्टननेही आपली अल्पाइन शाखा बंद केली. आज हे साहित्य बनवणारी मंडळी म्हणजे बहुतांशी लहान कारखाने : स्वित्झर्लंडमधील केस्लर, ऑस्ट्रियाच्या झिगी ग्राबनर या २००६ च्या ऑलिंपिक कांस्यपदक विजेत्याची एसजी, अमेरिकेतील कोलोरॅडोची डोनेक, कॅनडातील कॉइलर. यांतील काही जण गिऱ्हाईकाचे वजन आणि पावलाचे माप विचारून फळी बेतून देतात. शिंप्याकडे कपडे शिवून घेण्याची रीत मोडीत निघत असताना फळीच्या धंद्यात ती टिकून राहावी, हे विशेषच.

शर्यतीखेरीज या खेळाची दुसरी शाखा आहे ती निव्वळ वळणांच्या आनंदाची. स्वित्झर्लंडमधील झिनाल या गावी पात्रिस फिवा आणि जॅक रिलिए यांनी ‘एक्स्ट्रीम कार्व्हिंग’ नावाची शैली रूढ केली. तीत चालक प्रत्येक वळणावर इतका आडवा होतो की संपूर्ण शरीर हिमाला घासून जाते. नवशिक्यांपैकी बरेच जण ही दृश्ये पाहूनच या खेळाकडे ओढले जातात. मात्र ती सुरुवात नव्हे, बऱ्याच हिवाळ्यांनंतरचे फळ आहे.

बूट

पैसे मर्यादित असतील तर त्यांतला मोठा वाटा बुटांवर खर्चावा. फळी जुनी चालते, बांधणी जुनी चालते. परंतु पायाला न बसणारा बूट कोणत्याही फळीवर चालत नाही.

हार्डबूट दुरून स्कीच्या बुटासारखा दिसतो. त्याचा तळ तुलनेने आखूड असतो, घोट्याला पुढेमागे आणि थोडे बाजूलाही लवचीकपणे हलता येते आणि टाचेमागे एक खिट्टी असते, जिच्यामुळे बुटाचा पुढचा कल कमीअधिक करता येतो. रायखले या जुन्या स्विस नावाचा वारसा चालवणारी डीलक्स आणि ऑस्ट्रियाची यूपीझेड ही या क्षेत्रातील परिचित नावे. स्कीचे बूट पट्टीच्या बांधणीत बसतात आणि एखादा दिवस चाचपणीसाठी ते वापरायला हरकत नाही. परंतु त्यांचा लांब तळ आणि घोट्याचा ताठपणा यांमुळे पुढची प्रगती खुंटते.

बुटाचे माप सेंटिमीटरमध्ये असते. पाऊल २६.५ सेंटिमीटर लांब असेल तर बूटही २६.५ चाच. नेहमीच्या पादत्राणाच्या हिशेबाने ‘जरा सैल बरा’ म्हणून मोठा बूट घेणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. सैल बुटात टाच उचलली जाते, पाय आत सरकतो, तो रोखण्यासाठी बकले आवळली जातात आणि नडगीचे कातडे निघते. माप तपासण्याची जुनी खात्रीची रीत अशी : आतले मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक बोट, एवढी जागा योग्य. दोन बोटे सहज जात असतील तर तो बूट कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. आजची बहुतेक अस्तरे उष्णतेने पावलाच्या आकाराची करून घेता येतात आणि ते काम जाणत्या दुकानदाराकडून करवून घ्यावे. मोजा एकच, पातळ. थंडीच्या धास्तीने दोन जाड मोजे चढवले की रक्तप्रवाह दबतो आणि पाय उलट अधिक गारठतात.

जुने बूट घेताना रंगापेक्षा वय पाहावे. प्लास्टिक वर्षांगणिक ठिसूळ होत जाते. वरून नवेकोरे दिसणारे, कपाटात दहापंधरा वर्षे पडून असलेले बूट पहिल्याच थंड सकाळी तडकू शकतात, आणि ते तडकतात तेव्हा चालक वेगात असतो. बकलांच्या मुळाशी, घोट्याच्या खिळ्यांभोवती आणि टाचेच्या कडेला बारीक चिरा आहेत का, हे उजेडात धरून पाहावे.

खिट्टीबाबत एक साधा नियम आहे. मागच्या पायाच्या बुटाला पुढचा कल अधिक द्यावा, पुढच्याला कमी. दोन्ही बूट ताठ उभे ठेवले तर गुडघे वाकतच नाहीत आणि सगळे वाकणे कमरेतून होऊ लागते. तो दोष पुढे येणारच आहे.

बांधणी आणि कोन

मऊ बुटांची बांधणी पट्ट्यांची असते; हार्डबूटची असते ती सपाट पाट आणि तारेच्या मजबूत कड्यांची. एका प्रकारात टाच मागच्या कड्यात अडकवून पुढची पकड हाताने मिटवायची असते. दुसऱ्यात टाचेखाली खुंट्या बसवलेले असतात आणि बूट दाबला की ‘खट्’ करून अडकतो. सोडवण्यासाठी पोटरीशी आलेली दोरी ओढायची. दुसरा प्रकार सोयीचा, पहिला साधा आणि स्वस्त. एफ-टू आणि बॉम्बर ही बांधणीतील जुनी जाणती नावे.

एक गोष्ट येथे ठळकपणे सांगितली पाहिजे. स्कीची बांधणी पडल्यावर आपोआप सुटते. स्नोबोर्डची बांधणी सुटत नाही. तशी ती बनवलेलीच नसते. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असल्याने गुडघे सहसा एकमेकांविरुद्ध पिळवटत नाहीत. परंतु पाळण्याच्या रांगेत, एक पाय बांधलेला आणि दुसरा मोकळा असताना, हीच न सुटणारी बांधणी घातक ठरते. घाईने उतरताना होणाऱ्या अशा क्षुल्लक पडण्यात गुडघा दुखावण्याचा धोका मोठा असतो. म्हणून पाळण्यातून उतरण्याचा सराव हाही शिक्षणाचाच भाग समजावा.

आता कोन. पाऊल फळीला काटकोनात आडवे ठेवले तर तो शून्य अंश. पूर्णपणे नाकाकडे वळवले तर नव्वद. मऊ बुटांत पुढचे पाऊल पंधरा-वीस अंशांवर असते आणि मागचे बहुधा उलट दिशेला वळलेले. हार्डबूटमध्ये दोन्ही पावले पुढेच, साधारण ५० ते ६५ अंशांवर. हा आकडा हौसेने निवडायचा नसून फळीच्या रुंदीने ठरतो. समजा बुटाचा तळ ३१ सेंटिमीटर आहे आणि फळीची कंबर २० सेंटिमीटर. बूट फळीबाहेर न येता बसायचा तर तो सुमारे ५० अंश वळवावा लागतो. चवड्याची रुंदी धरली तर ५५ च्या आसपास. त्याहून कमी वळवला तर बुटाचे टोक किंवा टाच कडेबाहेर डोकावते. फळी झुकली की ते टोक हिमाला आधी टेकते, कड उचलली जाते आणि चालक काही कळायच्या आत पाठीवर असतो. पुष्कळ नवशिके ज्याला ‘फळी निसटते’ म्हणतात, तो बऱ्याचदा बुटाचा हा डोकावणारा कोपरा असतो. घरी फळी जमिनीवर ठेवून, बूट अडकवून, सरळ पट्टीने हे पाच मिनिटांत तपासता येते.

पुढच्या पावलाचा कोन मागच्यापेक्षा तीनपाच अंश अधिक ठेवण्याचा प्रघात आहे. मध्यम उंचीच्या माणसासाठी दोन पावलांतील अंतर ४५ ते ५० सेंटिमीटर. पुढच्या बुटाचा चवडा आणि मागच्या बुटाची टाच किंचित उंच करणाऱ्या पाचरी मिळतात. त्यांनी गुडघे एकमेकांकडे सुखाने येतात. डावा पाय पुढे की उजवा, हे ज्याचे त्याने गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी घसरून ठरवावे. बांधणीचे स्क्रू पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळावेत. ते हमखास सैल झालेले असतात.

फळी

अल्पाइन फळीचे नाक आणि शेपूट एकसारखे नसते. ती एकाच दिशेने चालवायची असते. कंबर बारीक, नाक आणि शेपटीकडे रुंद. या बाजूच्या बाकाला एका मोठ्या वर्तुळाचा कंस समजता येते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या मीटरमध्ये दिलेली असते. आखूड वळणांच्या स्लॅलम फळीची त्रिज्या दहा मीटरच्या आसपास, जायंट स्लॅलमची त्याच्या दीडपट ते दुप्पट. शर्यतीच्या आधुनिक फळ्यांत टायटनाल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे असतात. त्यांनी फळीची थरथर शमते आणि कडक हिमावर कड धरून राहते.

नवशिक्याने यांतली कोणतीही शर्यतीची फळी घेऊ नये. जुन्या बाजारात १८० सेंटिमीटरच्या उत्तम शर्यतफळ्या कवडीमोलाने मिळतात आणि मोह होतो. परंतु ती फळी ज्या वेगाला वाकते तो वेग नवशिक्याकडे नसतो. न वाकलेली फळी वळत नाही आणि न वळणारी फळी सरळ खाली पळते. ७०-७५ किलो वजनाच्या माणसाने १६० ते १६८ सेंटिमीटर लांब, २० ते २२ सेंटिमीटर कमरेची, १० ते १३ मीटर त्रिज्येची आणि फार ताठ नसलेली फळी निवडावी. वजन कमी असेल तर ताठपणाही कमी हवा. जुन्या फळीच्या कडा सलग आहेत का, तळाचे थर सुटलेले नाहीत ना, आणि तिच्यावरच्या स्क्रूच्या भोकांची रचना हाती असलेल्या बांधणीशी जुळते का, एवढे पाहिले की पुरे.

उतारावर

मऊ बुटांवर किंवा स्कीवर वळणे जोडता येऊ लागल्यानंतरच हार्डबूटकडे यावे. स्की येणाऱ्याला हे संक्रमण सोपे जाते, कारण कडक बूट आणि कडेवर विसंबणे त्याच्या अंगवळणी असते.

हिम कोणते, यावर अर्धे यश ठरते. रात्री यंत्र फिरवून सपाट केलेल्या उतारावर सकाळी कॉर्डरॉय कापडासारख्या बारीक समांतर रेघा दिसतात. ती पहिली दोन तासांची वेळ हार्डबूटवाल्यांची. दुपारपर्यंत हिमाचे ढीग होतात, उन्हाने ते भिजते आणि अरुंद फळी त्यात रुतते. उतार रुंद, मोकळा आणि सौम्य असावा. आल्प्समधील खुणांनुसार निळा.

पहिला सराव वळणाचा नाहीच. उताराला तिरपे जात फळी एका कडेवर ठेवायची, थांबायचे आणि मागे वळून पाहायचे. हिमावर रुंद पट्टा असेल तर फळी घासली. बोटभर रेघ असेल तर कोरली गेली. शिक्षक नसलेल्या शिकाऊ माणसाला याहून प्रामाणिक परीक्षक मिळणार नाही. नंतर फळी अधिक कलती करून ती स्वतःहून वरच्या दिशेला वळून थांबेपर्यंत तशीच धरून ठेवायची. चवड्याच्या कडेवर हे साधले की टाचेच्या कडेवर. दोन्हींकडे रेघ बारीक येऊ लागली की मगच वळणे एकमेकांना जोडायची.

या सरावात कठीण भाग आहे तो वाट पाहण्याचा. फळी कलती केल्यावर क्षणभर काहीच घडत नाही, आणि त्या क्षणी मागच्या पायाने तिला ढकलण्याचा मोह होतो. ढकलले की कड सुटते. फळीचे नाक उताराच्या दिशेला येते, वेग वाढतो, तेव्हाही धीर धरावा लागतो. वळण पुरे झाले की वेग आपोआप उतरतो. कोरलेल्या वळणात वेगावर ताबा राहतो तो वळण उताराला पुरते आडवे, प्रसंगी किंचित वर नेऊन. ब्रेक म्हणून घासणे येथे नाही.

दुसरा दोष कमरेतून वाकण्याचा. छायाचित्रांत हात हिमाला लागलेला दिसतो, म्हणून नवशिका हात खाली नेतो. हात लागतो खरा, पण त्यासाठी धड वाकते, नितंब उलट बाजूला जातात आणि फळीचा कल होता त्याहून कमी होतो. हिम आपण होऊन हाताजवळ यावे लागते. त्यासाठी गुडघे आणि नितंब वळणाच्या आत गेले पाहिजेत. टाचेकडच्या वळणात हा दोष खुर्चीवर बसल्यासारखा दिसतो. त्यावर एक उपयुक्त कसरत आहे : टाचेच्या कडेवर असताना मागचा हात पुढे आणून पुढच्या बुटाच्या वरच्या काठाकडे न्यायचा. त्याबरोबर खांदे नाकाच्या दिशेला फिरतात, मागचा गुडघा पुढच्याजवळ येतो आणि बसणे बंद होते. नजर कायम वळण जिकडे जायचे तिकडे. फळीच्या नाकाकडे पाहणारा तिथेच पडतो.

किती झुकायचे, हा प्रश्न धाडसाचा नसून गणिताचा आहे. बाकाची त्रिज्या १४ मीटर असलेली फळी ४५ अंश कलली तर वळणाची त्रिज्या साधारण १० मीटर होते. उताराचा परिणाम बाजूला ठेवला तर तेवढ्या वळणात शरीर ४५ अंश झुकवून तोल राखायला ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेग लागतो. त्या क्षणी पायांवरचा भार वजनाच्या १.४ पट असतो. ७० किलोच्या माणसाला जवळजवळ १०० किलो पेलावे लागतात. वेग याहून बराच कमी असताना तितके झुकले तर माणूस आतल्या बाजूला कोसळतो. म्हणूनच सौम्य उतारावर आडवे होण्याचा हट्ट फुकट जातो आणि म्हणूनच मांड्या आठवडाभर दुखतात.

इतरांच्या मध्ये

उतारावर वर्दळ असते आणि हार्डबूट चालवणारा इतरांना अनपेक्षित अशी वाट घेतो. बाकीचे लोक अरुंद पट्ट्यात खाली उतरत असतात. हा उताराच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो, मध्येच वरही वळतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा आचारनियमांनुसार मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची असते, म्हणजे खाली असलेल्याचा हक्क पहिला. परंतु त्याच नियमांत, उताराच्या वरच्या दिशेने जाणाऱ्याने आधी वर आणि खाली पाहून घ्यावे, असेही बजावलेले आहे. कोरीव वळणांचा काळ आल्यावर या वाक्याला वजन आले. हक्क आपला असला तरी धडक दोघांनाही बसते. प्रत्येक मोठ्या वळणाआधी खांद्यावरून मागे एक नजर टाकण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी आणि गर्दीच्या वेळी फळी सरळ ठेवून निमूट उतरावे.

शिरस्त्राण अपरिहार्य. मनगटाची दुखापत ही नवशिक्या स्नोबोर्डचालकांची नेहमीची, त्यामुळे मनगटरक्षक वापरण्यात कमीपणा मानू नये.

कुठे शिकावे

आल्प्समध्ये, जपानमध्ये आणि उत्तर अमेरिकेच्या मोठ्या केंद्रांवर सपाट केलेले रुंद उतार भरपूर आहेत. नोकरी-शिक्षणानिमित्त झुरिच, म्युनिक किंवा टोरांटोच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी तरुणांना ते शनिवार-रविवारच्या टप्प्यात येतात. शर्यत प्रत्यक्ष पाहायची असल्यास इटलीतील कारेत्सा, ऑस्ट्रियातील बाड गास्टाइन आणि स्लोव्हेनियातील रोगला ही विश्वचषकाची परिचित ठिकाणे आहेत.

भारतात गुलमर्गचे नाव आधी घेतले जाते आणि २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धांमुळे ते अधिकच परिचित झाले. परंतु गुलमर्गची कीर्ती आहे ती गोंडोलाने सुमारे ३,९०० मीटरच्या वर अफरवटच्या खांद्यावर जाऊन ताज्या, भुसभुशीत हिमातून उतरण्याची. तशा हिमात रुंद फळी आणि मऊ बूटच शोभतात. हार्डबूटची अरुंद फळी तिथे बुडते. शिवाय खोल हिमात, हिमस्खलनाच्या क्षेत्रात, न सुटणारी बांधणी ही वेगळीच जोखीम. गुलमर्गच्या पायथ्याचे सौम्य उतार किंवा उत्तराखंडातील औलीचा उतार येथे स्नोबोर्डची बाराखडी गिरवता येईल आणि तेवढ्यापुरते ते उत्तम आहे. हार्डबूटसाठी मात्र रोज रात्री यंत्र फिरणारा लांब उतार लागतो आणि त्यासाठी आजघडीला परदेशच गाठावा लागतो.

परदेशातून घेतलेले साहित्य सुट्टीनंतर गोव्या-कोकणात किंवा बेळगावच्या पावसाळ्यात आणून ठेवणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. बुटांच्या कवचात वापरले जाणारे काही प्रकारचे प्लास्टिक ऊब आणि दमट हवेने आतून कमजोर होत जाते. अस्तराला बुरशी लागते ती वेगळीच. अस्तर काढून पूर्ण वाळवावे, कवचाचा आकार टिकावा म्हणून बकले हलकी लावून ठेवावीत, फळीच्या कडा पुसून तिच्या तळावर मेणाचा जाड थर न घासता तसाच राहू द्यावा आणि सर्व काही माळ्यावर न टाकता कोरड्या, सावलीच्या कपाटात ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात बाहेर काढल्यावर घोट्याचे खिळे आणि बकलांची मुळे पुन्हा एकदा उजेडात पाहावीत.